नागपुरात राहून सागरकिनाऱ्याच्या गाळातली बुरशी कशी अभ्यासावी

नागपूरहून पूर्वेला जा की पश्चिमेला, समुद्र गाठायला रात्रभराचा प्रवास ठरलेला. त्यामुळे सागरी बुरशी हा विषय कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कॉलेजांनीच करावा, असं आपल्याकडे गृहीत धरलं जातं. मला ते पटत नाही. गाळ काढायचं काम दोन दिवसांचं असतं, त्यानंतरचे सहा-आठ महिने सगळं काम लॅबमध्येच चालतं, आणि ते नागपुरात उत्तम होऊ शकतं. एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.ची सुरुवात म्हणून हा विषय घेणाऱ्यांसाठी संपूर्ण पद्धत इथे क्रमाने देतो आहे. वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचं साधं प्रॅक्टिकल ज्यांनी केलं आहे, त्यांना ती झेपेल.

सगळ्यात आधी प्रश्न ठरवा

खाडीतला चिमूटभर चिखल प्लेटवर टाकला की आठवड्यात बुरशी उगवतेच. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, फ्युझेरियम, ट्रायकोडर्मा ही नेहमीची मंडळी असतात. पण हीच मंडळी धरमपेठेतल्या बागेच्या मातीतही सापडतात. नद्या पावसाळ्यात लाखो टन माती समुद्रात नेतात, वारा बीजाणू उडवतो, आणि हे बीजाणू गाळात महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. म्हणून या कामात एकच प्रश्न शेवटपर्यंत सोडायचा नाही: सापडलेली बुरशी त्या गाळात जगते आहे, की नुसती येऊन पडली आहे?

कोलमेयर या बुरशीतज्ज्ञ दांपत्याने १९७९ मध्ये दिलेली व्याख्या अजूनही उपयोगी पडते. जी बुरशी फक्त समुद्रात किंवा खाडीतच वाढते आणि तिथेच बीजाणू तयार करते ती पक्की सागरी; जी मूळची जमिनीवरची किंवा गोड्या पाण्यातली, पण समुद्रातही वाढू शकते ती ऐच्छिक सागरी. दुसऱ्या गटाला कमी लेखू नका. कॅरिबियन समुद्रातल्या पंखा-प्रवाळांना १९९० च्या दशकात जो रोग लागला, त्यात ॲस्परजिलस सिडोवी सापडली होती, आणि ती मातीत सर्रास आढळणारी जात आहे.

गाळातल्या बुरशीचं कामही मोठं आहे. कांदळवनातली पानं आणि लाकूड कुजवण्यात तिचा वाटा असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या गाळातल्या काही बुरशा ऑक्सिजन नसतानाही नायट्रेट वापरून जगतात. चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच संस्थेतून मध्य हिंद महासागरातल्या सुमारे ५००० मीटर खोलीवरच्या गाळातून बुरशी वेगळी केली. या विषयाला आपल्या देशात भक्कम परंपरा आहे, तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी त्यांचे शोधनिबंध वाचायलाच हवेत.

सराव घरच्या तळ्यावर

थेट कोकण गाठू नका. गोरेवाडा, अंबाझरी किंवा फुटाळा, जिथे परवानगी मिळेल तिथला काठावरचा चिखल आणा आणि सगळी पद्धत एकदा त्यावर करून बघा. प्लेटांचे दोन संच ठेवा, एक साध्या पाण्यात केलेल्या माध्यमाचा आणि दुसरा समुद्राच्या पाण्यात केलेल्या माध्यमाचा. तळ्यातल्या गोड्या चिखलातल्या कितीतरी बुरशा खाऱ्या प्लेटवरही मजेत वाढतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'खाऱ्या माध्यमावर वाढली म्हणजे सागरी' हे वाक्य तुम्ही प्रबंधात कधीच लिहिणार नाही.

विदर्भातल्या विद्यार्थ्यांच्या हाताशी आणखी एक चीज आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेली खारवट माती तुलनेला ठेवली, तर मीठ सहन करणं आणि सागरी असणं यांतला फरक तुमच्याच आकड्यांत दिसेल. कोकणातल्या विद्यार्थ्याला हे सहज जमणार नाही.

जागा, परवानगी, भरती-ओहोटी

शक्यतो अशी खाडी निवडा जिथे एकाच दिवसात वाळूची पुळण, उघडी चिखलवट आणि कांदळवन तिन्ही मिळतील. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशा जागा बऱ्याच आहेत. कांदळवनात पाऊल टाकण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या. मालवणचं सागरी अभयारण्य असेल तर अभयारण्याची वेगळी. अर्ज दोन-तीन महिने आधी करावा आणि त्यात किती ग्रॅम गाळ, किती ठिकाणांहून, हे स्पष्ट लिहावं. नमुने किंवा कल्चर (लॅबमध्ये वेगळी वाढवलेली बुरशी) परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल, तर जैवविविधता कायदा २००२ खाली राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते.

वेळेचं गणित कोळी लोक तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी तशी ओहोटीही खोल, आणि ती पहाटे आणि संध्याकाळी येते. पहाटेची ओहोटी धरावी, कारण उन्हाने गाळ तापायच्या आत काम उरकतं. हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा आणि गावातल्या माणसाला सोबत घ्या. चिखल कुठे पाय धरतो आणि पाणी कुठल्या बाजूने आधी चढतं, हे त्यालाच माहीत असतं.

ऋतू दोन घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये खाडीचं पाणी समुद्राइतकं, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमच्या जवळपास खारट असतं. पावसाळ्याच्या शेवटी तेच कितीतरी गोडं होतं आणि जमिनीवरची बुरशी गाळात वाहून आलेली असते. एकाच ऋतूतल्या नमुन्यांवरून 'इथला समुदाय असा आहे' म्हणता येत नाही.

गाळ काढणे

गाळाचा उभा स्तंभ काढणारं महागडं कोअरर लागत नाही. मेडिकल चौकातल्या एखाद्या सर्जिकलच्या दुकानातून ६० मिलीच्या निर्जंतुक सिरिंज आणा आणि लॅबमध्ये स्वच्छ वातावरणात त्यांचं टोक गरम ब्लेडने सरळ कापून परत पाकिटबंद करा. प्रत्येक नमुन्याला नवी सिरिंज, म्हणजे किनाऱ्यावर धुण्याची भानगड नाही.

दट्ट्या कापलेल्या तोंडापर्यंत खाली आणा, तोंड गाळावर टेकवा, आणि दट्ट्या आहे त्याच उंचीवर धरून नळी खाली दाबा. नळी हळूहळू खाली जाते, गाळाचा स्तंभ न दबता आत येतो. बाहेर काढताना ग्लोव्हज घातलेल्या बोटाने खालचं तोंड झाका. आता नळी उजेडात धरून नीट बघा. वरचा काही मिलिमीटरचा थर फिकट तपकिरी दिसेल, त्याखाली करडा, आणि चिखलवटीत दोन-तीन सेंटिमीटरखाली काळाकुट्ट. काळ्या भागाला कुजक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. तपकिरी भागात ऑक्सिजन पोचतो, काळ्यात नाही. बुरशीच्या दृष्टीने ही दोन वेगळी घरं आहेत, तेव्हा ती एकाच पिशवीत कालवू नका. दट्ट्या सावकाश ढकलत निर्जंतुक ब्लेडने ०–१, १–३ आणि ३–५ सेंटिमीटर असे काप करा. मध्येच तपकिरी रेघ काळ्या भागात खोल उतरलेली दिसली, तर ते खेकड्याचं किंवा किड्याचं बीळ. त्याची नोंद वहीत करा आणि शेजारी दुसरा स्तंभ काढा.

प्रत्येक अधिवासात, एकमेकांपासून काही मीटर दूर, किमान पाच स्तंभ घ्या. ते एकत्र मिसळण्याचा मोह टाळा. मिसळले की एकच नमुना उरतो आणि संख्याशास्त्राला काही धरायला राहत नाही. याशिवाय तीन गोष्टी लागतातच: भरतीरेषेच्या वरची कोरडी माती, नदीच्या वरच्या अंगाचा गोडा गाळ, आणि एक कोरा नमुना. कोऱ्या नमुन्यासाठी निर्जंतुक समुद्रपाणी किनाऱ्यावरच नव्या सिरिंजमधून काढून बाटलीत भरा. पहिल्या दोन नमुन्यांवरून बाहेरून काय येतं ते कळतं, तिसऱ्यावरून तुम्ही स्वतः काय आणलंत ते.

जागेवरच तापमान, सामू आणि खड्ड्यात पाझरलेल्या पाण्याची क्षारता मोजा. क्षारतेला हातातलं रिफ्रॅक्टोमीटर पुरतं. लॅबमध्ये नंतर ६३ मायक्रॉनच्या चाळणीने वाळू आणि चिखल यांचं प्रमाण काढायचं, आणि वाळवलेला गाळ ५५० अंशांवर चार तास जाळून वजनातली घट मोजायची. ही घट म्हणजे सेंद्रिय पदार्थांचा अंदाज.

नागपूरपर्यंत आणताना

प्रत्येक कापाचे किनाऱ्यावरच दोन भाग करा. डीएनएसाठीचा भाग लगेच परिरक्षक द्रावणात टाका. डीएमएसओ, ईडीटीए आणि संपृक्त मीठ यांचं द्रावण साध्या तापमानालाही डीएनए सांभाळतं. अल्कोहोल रेल्वेत नेऊ नका, तो ज्वालाग्राही माल आहे.

कल्चरसाठीचा भाग थंड हवा, पण गोठलेला नको. थर्माकोलच्या पेटीत जेलपॅक ठेवताना ते वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळा. पिशवीला थेट चिकटले तर तेवढा गाळ गोठतो आणि नाजूक बुरशी मरते. पेटीत डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि गाडीत चढताना, मध्यरात्री, उतरताना असं तापमान लिहा. कल्याणहून विदर्भ एक्सप्रेस धरली तर सकाळी नागपूर. एसी डब्यात खालच्या बर्थखाली पेटी सुखरूप राहते. खरा धोका स्टेशनबाहेर, पेटी उन्हात ऑटोची वाट बघत राहते तेव्हाचा. गाळ काढल्यापासून ४८ तासांच्या आत प्लेटा झाल्या पाहिजेत. ते जमणार नसेल तर तयार प्लेटा सोबत नेऊन किनाऱ्यावरच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये लावून आणाव्यात. मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात प्रवासाचा परिणाम उरतच नाही.

माध्यम आणि लॅबची हवा

कृत्रिम समुद्रपाण्यासाठी लिटरला साधारण सोडियम क्लोराइड २४ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा रेणू पाण्याचं) ११, सोडियम सल्फेट ४, कॅल्शियम क्लोराइड (दोन रेणू पाण्याचं) १.५, पोटॅशियम क्लोराइड ०.७ आणि सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट वेगवेगळे निर्जंतुक करून शेवटी मिसळा, नाहीतर साका बसतो. स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठ वापरू नका.

माध्यम पातळ ठेवा. बाजारातली पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगर) पावडर लिटरला ३९ ग्रॅम टाकायची असते. तेवढ्या साखरेवर चपळ ॲस्परजिलस सगळी प्लेट बळकावते आणि सावकाश वाढणारी बुरशी दिसतच नाही. आठ ग्रॅम पीडीए आणि वरून १२ ग्रॅम अगर घ्या. बॅक्टेरियासाठी लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल. ते ऑटोक्लेव्ह सोसतं. स्ट्रेप्टोमायसिन सोसत नाही, म्हणून ते गाळून, माध्यम ५० अंशांपर्यंत उतरल्यावर घाला. रोझ बेंगाल हा रंग वापरत असाल तर प्लेटा अंधारात ठेवा, उजेडात ते बुरशीलाच विषारी ठरतं.

आता कूलर. मार्चपासून जूनपर्यंत नागपुरातल्या बहुतेक लॅबमध्ये डेझर्ट कूलर चालतो. त्याच्या ओल्या ताट्या, मग त्या खसच्या असोत की लाकडी भुशाच्या, बुरशीला आवडतात, आणि पंखा त्यावरचे बीजाणू खोलीभर फेकतो. प्लेटा लावायच्या दिवशी कूलर सकाळपासून बंद, खिडक्या बंद, ओटा पुसलेला, आणि गाळ उघडताना शेजारी एक रिकामी माध्यमाची प्लेट तेवढाच वेळ उघडी. या उघड्या प्लेटवर जे येईल ते तुमच्या गाळाच्या यादीत संशयित ठरतं. काम क्लास टू सुरक्षा कॅबिनेटमध्ये करा. आडव्या लॅमिनारमध्ये हवा थेट तोंडावर येते, आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटससारखी जात फुप्फुसाला अपाय करू शकते.

प्लेट लावायच्या दोन पद्धती

पहिली नेहमीची विरलन पद्धत. एक ग्रॅम गाळ नऊ मिली निर्जंतुक समुद्रपाण्यात हलवा, पुढे दहापट विरल करत जा, प्रत्येकातून ०.१ मिली पसरवा. समजा शंभरपट विरल केलेल्या द्रावणाच्या प्लेटवर १२ वसाहती आल्या. ओल्या गाळाच्या ग्रॅमला १२,००० झाल्या. तोच गाळ १०५ अंशांवर वाळवून ०.६ ग्रॅम भरला, तर कोरड्या ग्रॅमला २०,०००. नेहमी कोरड्या वजनावरच आकडा द्या, कारण वाळू आणि चिखल यांत पाणी फारच वेगवेगळं असतं.

पण ही पद्धत बीजाणूंना झुकतं माप देते. एकाच जीवाचे हजार बीजाणू पडले तर हजार वसाहती, आणि गाळाच्या कणाला धरून पसरलेलं मोठं कवकजाल मात्र एकच वसाहत देतं, कधी तीही नाही.

म्हणून दुसरी, कण धुण्याची पद्धत सोबत कराच. गाळ निर्जंतुक समुद्रपाण्याच्या धारेखाली चाळण्यांतून धुवा, १०० ते २०० मायक्रॉनमधले कण ठेवा, पुन्हापुन्हा धुवा. सुटे बीजाणू पाण्याबरोबर जातात. उरलेले कण एकेक करून प्लेटवर मांडा. यातून उगवलेली बुरशी कणाला चिकटलेल्या तंतूंपासून आलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. दोन्ही पद्धतींच्या याद्या शेजारी ठेवल्या की आपल्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

प्लेटा पॅराफिल्मने बंद करून २५ अंशांना बीओडी इनक्युबेटरमध्ये, म्हणजे तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात, ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाचा भरवसा नाही. तिसऱ्या दिवसापासून बघायला लागा आणि चार-पाच आठवडे बघत राहा. पहिल्या आठवड्यात जे येतं ते सगळ्यांनाच सापडतं.

वाळूत राहणाऱ्या कोरोलोस्पोरासारख्या जाती या दोन्ही पद्धतींना सहसा दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी वाळू निर्जंतुक समुद्रपाण्याने ओली करून, त्यात लाकडाच्या उकळलेल्या काड्या खोचून, डबीत काही महिने ठेवायची. वाळूच्या कणांना चिकटलेली बारीक काळी फळं स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दिसतात. किनाऱ्यावरचा फेसही बाटलीत भरून आणा. या जातींच्या बीजाणूंना शेपट्यांसारखे उपांग असतात आणि ते फेसात अडकतात.

जगते आहे का, याची परीक्षा

प्रत्येक शुद्ध कल्चर तीन माध्यमांवर लावा: बिनमिठाचं, अर्ध्या समुद्रपाण्याचं, पूर्ण समुद्रपाण्याचं. सातव्या आणि चौदाव्या दिवशी व्यास मोजा. मिठाशिवाय वाढतच नाही अशी बुरशी मिळाली तर ती जपा, अशी क्वचित मिळते. बाकीच्यांसाठी पुढचा पुरावा बघा: समुद्रपाण्यात बुडालेल्या पानाच्या तुकड्यावर ती बीजाणू तयार करते का? तिवराचं किंवा कांदळाचं पान वापरलं तर उत्तम. ताज्या गाळावर कॅल्कोफ्लोर व्हाइट हा रंग टाकून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर तंतू निळे चमकतात. कणावरून कणावर गेलेला तंतू दिसला की बुरशी तिथे वाढली आहे, असं म्हणायला चांगला आधार मिळतो. जात कोणती, ते मात्र त्यातून कळत नाही.

डीएनए

कल्चर ओळखताना बुरशीच्या डीएनएतला आयटीएस हा भाग वाचतात. २०१२ मध्ये तो बुरशीसाठीचा अधिकृत बारकोड, म्हणजे ओळखीची खूण, म्हणून पुढे आला. पण ॲस्परजिलसला कॅल्मोड्युलिन, पेनिसिलियमला बीटा-ट्युब्युलिन आणि फ्युझेरियमला टीईएफ-१ हे जनुक वाचल्याशिवाय जातीचं नाव लिहू नका.

गाळातून थेट डीएनए काढताना ह्युमिक आम्लं त्रास देतात. द्रावण तपकिरी दिसत असेल आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) येत नसेल, तर आधी डीएनए दहापट विरल करून बघा, मग बीएसए हे प्रथिन घाला. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं. किनाऱ्यावरचा कोरा नमुना, डीएनए काढतानाचा कोरा आणि पीसीआरचा कोरा, तिन्ही सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून देणाऱ्या कंपनीकडे, पाठवाच. कंपनी म्हणेल, यात बँडच नाही, कशाला पैसे घालवता. तरी पाठवा.

कंपनीकडून कच्च्या फाइल्स आणि प्राइमरची (पीसीआर सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) नेमकी नावं लेखी मागून घ्या. विश्लेषणात एक गोष्ट विशेष सांभाळा: आयटीएसची लांबी जातीगणिक बदलते. बॅक्टेरियाच्या १६एस जनुकासारखं सगळ्या रीड (वाचून आलेले डीएनएचे तुकडे) ठरावीक लांबीला कापाल तर लहान आयटीएसच्या जाती यादीतून गायब होतील. दोन्ही टोकांचे प्राइमर, उलट बाजूने आत शिरलेलेसुद्धा, कटअडॅप्ट या प्रोग्रॅमने काढा, मग डाडा-२ हा प्रोग्रॅम चालवा आणि युनाइट या बुरशीच्या डीएनए-संग्रहाशी जुळवा. कायट्रिडसारखे प्राचीन गट आयटीएस प्राइमरमधून निसटतात, म्हणून पैसे असतील तर १८एस हे जनुकही वाचून घ्या. 'अनोळखी बुरशी' असा मोठा हिस्सा येईल. तो वगळू नका, गाळातला नवा भाग बहुधा तोच असतो.

रीडची संख्या म्हणजे बुरशीची संख्या नव्हे, कारण एका पेशीत आयटीएसच्या किती प्रती आहेत हे जातीनुसार बदलतं. आणि डीएनए मेलेल्या पेशींचाही टिकतो. त्यामुळे प्रत्येक जातीसमोर चार रकाने ठेवा: विरलन प्लेटवर आली का, धुतलेल्या कणावर आली का, डीएनएत आहे का, आणि कोरड्या मातीच्या किंवा गोड्या गाळाच्या नमुन्यात आहे का. पहिल्या आणि चौथ्या रकान्यातच जिच्यासमोर खूण आहे ती बहुधा पाहुणी. धुतलेल्या कणावर आणि डीएनएत आहे, पण जमिनीवर कुठेच नाही, अशी जात मिळाली तर तिच्यावर पुढचं वर्ष खर्च करायला हरकत नाही.

कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा. त्याच्या प्रती निर्जंतुक पाण्याच्या छोट्या बाटल्यांत चार अंशांनाही ठेवा, कारण फ्रीजर बंद पडला की सगळंच जातं. महत्त्वाच्या जाती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय कवक संग्रहात जमा करून क्रमांक घ्या. शोधनिबंधात तो क्रमांक, अक्षांश-रेखांश, गाळाची खोली, ओहोटीची वेळ आणि क्षारता एकाच तक्त्यात द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्याच जागी, त्याच ओहोटीला जाऊन तीच बुरशी पुन्हा शोधता येईल.